पार्बताबाईची कणगी

मी कणगी बोलून राहिले, बाप्पा. आजच्या पोरांना कणगी म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगते. फोकांचा विणलेला, बाईच्या छातीएवढा उंच, पोट सुटलेला हारा समजा. आतून-बाहेरून शेणामातीनं लिपलेला. वरून दाणे भरायचे, वर टोपलं पालथं घालून तेही लिपून टाकायचं. खाली एक भोक, त्याला चिंधीचा बोळा. दाणे लागले की बोळा काढायचा, खाली सूप धरायचं, पुरे झालं की बोळा परत कोंबायचा. एवढीच माझी घडण. तोंडं दोन आहेत, पण वेळेवर बोलता एकाही तोंडानं आलं नाही.

माझा मुक्काम भातकुलीच्या अलीकडं, नाल्याकाठच्या वावरातल्या गुरांच्या कोठ्यात. मला पार्बताबाईनं विणलं. नाल्यात निरगुडी माजली होती, तिच्या ओल्या फोका तोडून तिनं अंगणात ढीग घातला अन् मांडी घालून बसली. निरगुडीला वास असतो, कडू. किडा-मुंगी त्या वासाला जरा बिचकते. तिचा पोरगा सहदेव तेव्हा एवढासा. लेप ओला असतानाच तो माझ्यात उतरून लपला. बाई वावरभर हाका मारून थकली. सापडला तेव्हा शेणानं असा माखला होता की बाईला रागवावं का हसावं कळेना. त्याच्या पाठीचा ठसा माझ्या आतल्या लेपावर उमटला होता. बाईनं त्यावरून हात फिरवून तो बुजवला.

माझ्यात खायचं धान्य नसे. ते पोत्यात. माझ्यात बियाणं. कसलं, तर ज्वारीचं. पार्बताबाईनं ते तिवश्याकडच्या माहेरून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. त्या ज्वारीची भाकर पांढरीशुभ्र, दुसऱ्या दिवशीही लुसलुशीत. गावात तिला 'पार्बताबाईची ज्वारी' असंच नाव पडलं. पुढं सगळ्यांच्या वावरात सोयाबीन आलं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आली. ज्वारी पेरणारे हळूहळू सरले. बाई मात्र दर साल एक तास, म्हणजे तिफणीची एक ओळ, तरी पेरायचीच. मळणीच्या आधी वावरातून फिरून भरदार कणसं निवडायची, ती वेगळी बडवायची, अन् ते दाणे माझ्या पोटात.

चैत सरला की ती मला रिकामी करायची. दाण्यात सोंडे झालेले असायचे. सोंडा म्हणजे तो काळा, तिळाएवढा किडा, पुढं सोंड असलेला. दाण्याला भोक पाडून आतलं पीठ खातो. बाई अंगणात जुनं लुगडं अंथरायची, त्यावर दाणे पातळ पसरायची. आता नीट ऐका. लुगड्याचा एक काठ ती कडुनिंबाच्या सावलीत ठेवायची. ऊन तापलं की सोंडे दाण्यातून निघायचे अन् रांगा करून त्या सावलीकडं चालू लागायचे. बाई काठी टेकून बसायची अन् म्हणायची, "चाला बाप्पा, चाला. खाल्लं तितलं पुरे झालं. आता दुसरं घर पाहा." सांजेपर्यंत दाणे मोकळे. मग चाळलेली राख चोळून, कडुनिंबाचा पाला घालून मला परत भरायची.

तिच्या हातून एखाददुसरा सोंडा मरत असेल, नाही असं नाही. पण मारायचं म्हणून तिनं एकही मारला नाही. अन् बियाणं गेलं असंही कधी झालं नाही.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. लपवलं म्हणून नव्हे. माणसाची खोडच आहे, जे रोज हातून होतं ते सांगायचंही असतं हे त्याला सुचत नाही. सहदेवानं लहानपणी असल्या कामाकडं कधी पाहिलं नाही, अन् लग्नानंतर लगेच तो अकोल्याला गेला, ऑटो चालवायला. बायको शालू तिकडंच शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायची. दोघं सणावारी यायची, चैतात कधी नाही. एका हिवाळ्यात बाई सकाळी उठलीच नाही. शेजारच्या वावरातला सूर्यभान दूध मागायला आला, तेव्हा समजलं. माझ्या पोटात त्या सालचं ताजं बियाणं होतं, तिनंच राख चोळून भरलेलं, म्हणून पेरणीपर्यंत टिकलं.

आता सहदेवाचं सांगते. अकोल्यात तो प्यायला लागला होता. ऑटो स्टँडवर लावून पिऊन घरी यायचा, अन् मग शालूवर आवाज चढायचा, कधी हातही. हे मी पाहिलं नाही. शालूनं बाईजवळ माझ्याच आडोशाला बसून रडत सांगितलं होतं, म्हणून ठाऊक. एकदा ऑटोत त्याच्या मागं महानुभाव पंथाचे एक म्हातारे बाबा बसले, रिद्धपूरच्या वाटेचे. त्यांनी उतरताना त्याला, पिऊन असलेल्याला, वाकून दंडवत केला. सहदेवाला ते सहन झालं नाही. तो त्यांच्या मागं आश्रमात गेला, पुन्हा गेला, अन् मग त्यानं उपदेश घेतला. दारू सुटली. मांस सुटलं. शिवी सुटली. आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं ऑटो विकला अन् शालूला म्हटलं, "आपल्या वावरात जाऊन राहू. आपलं पिकवू, आपलं खाऊ. कोणाचा जीव दुखवायचा नाही, कोणाले हात पसरायचा नाही."

शालू म्हणाली, "येतो. पण एक सांगून ठेवतो. आपल्या दाण्यावर पेरणी होईल तोवर राहू. ज्या साली बियाण्यासाठी दुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागंल, त्या साली मी माही मशीन उचलीन."

"मंजूर," सहदेव हसून म्हणाला. "माय कणगी भरून गेली हाय."

ते पहिलं साल! माझ्या आयुष्यात तसं दुसरं साल नाही. दोघांनी कोठ्याची एक बाजू लिपून राहायला केली. शालूनं मला नवा लेप दिला, बोटांनी वेलबुट्टी काढली. सहदेव पहाटे नामस्मरण करायचा, मग गाईला दंडवत, बैलांना दंडवत, वावराला दंडवत. सूर्यभान बांधावर उभा राहून पाहायचा.

"दंडवत, सूर्यभानभाऊ."

"दंडवत बाप्पा. बैलाले झाला का? झाला असंल तं मंग मले चालते."

पाऊस वेळेवर आला. बाईची ज्वारी तरारली. परसात अंबाडी, वांगी, चवळीच्या शेंगा. युरिया नाही, फवारा नाही. पाखरं आली तर सहदेव हाकलायचा नाही. "त्याईचा वाटा हाय," म्हणायचा. वावरभर ज्वारी होती, पाखरांनी खाऊनही उरली. नव्या ज्वारीची पहिली भाकर शालूनं फडक्यात बांधली अन् दोघं ती बाबांच्या ताटात घालून आली. परतल्यावर सहदेव माझ्या अंगावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. त्या हातात अकोल्याची कसलीही आठवण राहिली नव्हती. शालू ते पाहत होती. त्या सालात ती जाडही झाली, गाणंही म्हणायला लागली.

मळणीच्या आधी दोघांनी कणसं निवडली. तितकं शालूनं बाईला करताना पाहिलं होतं. मी भरले.

अन् चैत आला.

शालूनं बोळा काढून मूठभर दाणे सुपात घेतले. सुपात काळं काही हललं.

"अवो, बियाण्यात सोंडे झाले. उन्हात घालाव लागते. तुमची माय घालत जाय, म्हणतात."

सहदेव जवळ आला. त्यानं एक सोंडा बोटावर चढू दिला. "उन्हात? पायात वहाण असून चटके बसून राहिले, अन् याईले उन्हात? मरतीन व थे."

"थे नाही मरतीन तं बियाणं मरंल."

"कितलं खातीन? पाखराईले देतो, दारी आलेल्याले देतो, मंग याईलेच काहून नाही? हे तं आपल्याच घरी जन्मले."

"हो, पाव्हणेच हायत ना! बसवा पाटावर, मी वाढतो!" शालू म्हणाली अन् हसली. तोही हसला. पण ऐकलं नाही. राखही नको म्हणाला, राखेनं त्यांचा जीव गुदमरतो. कडुनिंबाचा पाला तेवढा घालू दिला, तोही वरवर.

चार-दोन दिवसांनी सूर्यभान आला. माझ्या अंगाला कान लावून त्यानं ऐकलं. आत करकर चालू होती. सोंडे जास्त झाले की तसा आवाज येतो.

"सहदेवा, लेका, तू ज्वारी ठेवून राहिला का सोंडे पाळून राहिला? एक जोडी मले दे, पोळ्याले सजवतो."

सहदेवानं हात जोडले. "थट्टा करा भाऊ, पण जीव घ्याले नोका सांगू."

"बरं, माह्याकडं कणगीत टाकाची गोळी हाय. एक टाकली की झालं. तू डोळे मीट, मी टाकतो."

सहदेव माझ्यापुढं येऊन उभा राहिला. रागानं नव्हे. लेकरू मारकुट्या मास्तरापुढं जसं धाकट्या भावाला पाठीशी घालतं, तसा. सूर्यभान मागं फिरला. जाताना शालूला हळूच म्हणाला, "वहिनी, देव भल्ला दयाळू असंल, पण मृगात पेरतो तं आपणच ना?"

मला ऐकू येत होतं, आतलंही, बाहेरचंही. मला ठाऊक होतं की यात मारायचं काही नाही, नुसता लुगड्याचा काठ सावलीत ठेवायचा आहे. ज्याला मारायचं नाही त्यालाच ही रीत हवी. पण हे ठाऊक असलेली एक मातीखाली गेलेली, अन् दुसरी मी.

वैशाखात सहदेव पारायणासाठी आश्रमात गेला. तो गाडीत बसला असेल-नसेल, शालूनं अंगण झाडलं, जुनं लुगडं अंथरलं, अन् माझा बोळा काढला. दाणे सळसळत खाली गेले. मी हलकी झाले, अन् मनाशी म्हटलं, आता सुटले. तिनं लुगडं अंगणाच्या मधोमध अंथरलं होतं, चांगलं ऊन लागावं म्हणून. चारी काठ उन्हात. दोन हात पलीकडं कडुनिंबाची सावली पडली होती. तितकंच सरकवायचं होतं, माय! तितकंच!

सोंडे बाहेर निघाले. इकडं पळाले, तिकडं पळाले. लुगड्याच्या काठापर्यंत गेले, तर पुढं तापलेली माती. तिथंच पाय आखडून उलथे पडायला लागले. शालू उकिडवी बसून पाहत होती. आधी तिनं तोंड फिरवलं. मग उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. अन् एकाएकी तिनं लुगड्याची चारी टोकं धरली, दाणे सोंड्यांसकट ओढत आणले अन् वरून माझ्यात ओतून टाकले.

मी दाराशी उभी. अन् शालू माझ्याच अंगाला टेकून बसली, जिथं तिची सासू तिला घेऊन बसायची तिथंच. स्वतःशीच बोलावं तशी बोलली. "त्याईचा हात आता माह्या अंगावर येत नाही. सोंड्याच्या अंगावर नाही, तं माह्याही नाही. मी हे चोरून केलं अन् त्याईले समजलं, तं काय होईल? त्याईनं नेमाची एक गाठ सोडली की साऱ्याच सुटतीन."

सांगा बरं, तिला कोण काय म्हणणार? मनानं ती बियाण्याकडं पाठ फिरवून नवऱ्याकडं तोंड करून बसली होती. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मृगाचा पाऊस झाला. सहदेवानं तिफण धुतली, आईच्या जुन्या ओटीत, कमरेला बांधायच्या पेरणीच्या झोळीत, बियाणं घ्यायचं म्हणून ती झटकली. दंडवत घालून बोळा काढला. माझ्यातून पीठ पडलं. पांढरं, मऊ पीठ, त्यात टरफलं, अन् सोंडे. त्यानं हात घालून ढवळलं. पुन्हा पीठ. वरचं टोपलं फोडून तो अर्धा आत वाकला. दाणे दिसत होते, पण चिमटीत धरले की फुटत होते.

सूर्यभान बांधावर आला होता, थट्टा करायला. त्यानं पाहिलं अन् टोपी काढून हातात घेतली. "पाण्यात टाक," एवढंच म्हणाला. "बुडंल थो जिवंत."

घमेल्यात पाणी घेऊन दाणे टाकले. जवळजवळ सगळे तरंगले. तळाशी गेले ते शालूच्या एका ओंजळीत मावले.

सहदेव दुसऱ्याच दिवशी आश्रमात गेला. परत आला तेव्हा शालू चुलीपाशी होती. तो उभ्या-उभ्या म्हणाला, "बाबाले सांगतलं."

"मंग?"

"बाबा म्हणे, मुंगी वाचवून चाल म्हटलं होतं. चालूच नको असं कोणी म्हटलं होतं, सहदेवा?"

शालूला हसू फुटलं. मोठ्यानं हसली. हसता-हसता पदर डोळ्याला लावला, अन् मग तो काढलाच नाही.

पोत्यातल्या खायच्या ज्वारीचंही तसंच पीठ झालं होतं. गावात कोणाकडं ती ज्वारी असेल म्हणून सहदेव घरोघर फिरला. बाईनं कितीकांना सूपसूप दिली होती. कोणी म्हणे खाऊन टाकली, कोणी म्हणे म्हातारा होता तोवर होती. तिवश्याला बाईच्या माहेरीही जाऊन आला. तिथं आता संत्र्याचा बगीचा आहे. चहा पाजून पाठवलं. दुकानातलं बियाणं औषध लावलेलं, गुलाबी. ते हातात धरायलाही तो तयार नव्हता, अन् शालूनं तर आधीच सांगून ठेवलं होतं. तरी तिनं मशीनचं नाव काढलं नाही. म्हणाली, "ओंजळभर हाय ना? त्याचं पाहू."

ओंजळभर बियाण्याचा कोठ्यासमोर एक वाफा झाला, बाकी वावर पडीक राहिलं. काही उगवलं, काही कोंबातच सडलं. जी धाटं राहिली त्यांना शालू घागरीनं पाणी घालायची. सहदेव त्यांच्याजवळ बसून नामस्मरण करायचा. कणसं धरली. दाण्यात दूध भरलं. मी दारातून पाहायचे अन् हिशेब करायचे. एवढं पिकलं तर पुढच्या साली तास, त्याच्या पुढच्या साली वावर. असं होत आलेलं आहे. पार्बताबाईनंही पदराच्या गाठीतूनच सुरू केलं होतं.

पण चोहीकडं सोयाबीन अन् पऱ्हाटी, अन् मधोमध ती चार धाटं. साऱ्या शिवाराची पाखरं तिथंच उतरली.

पहिल्या दिवशी सहदेव नुसता पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी उठून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी शालूनं त्याच्या हातात पिंपाचं झाकण अन् काठी दिली, अन् तो ते बडवत वाफ्याभोवती फिरू लागला. पाखरं उडायची, बसायची. उडायची, बसायची. दुपारी ती थव्यानं आली, अन् सहदेवाच्या तोंडून शिवी निघाली. मोठ्यानं. ती ऐकून चुलीपाशी शालूच्या हातचं पीठ परातीत पडलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. सहदेवानं ढेकूळ उचललं अन् थव्यात फेकून मारलं.

एक पाखरू पडलं. अंगठ्याएवढं, भुरकं.

त्यानं ते तळहातावर घेतलं. गडवा आणून चोचीत पाणी सोडलं. पाणी बाजूनं ओघळलं. तो तसाच बसून राहिला, अन् त्याच्या डोळ्यांपुढं बाकीच्या पाखरांनी खाली उतरून सारी कणसं संपवली. त्यानं हात उचलला नाही. शालूनंही नाही. ती झाकण उचलून पुढं आली होती, पण त्याच्या मांडीवरचं पाखरू पाहून थांबली.

त्यानंतर ज्वारीचं नाव या घरात निघालं नाही. दिवाळीनंतर गाय अन् बैल सूर्यभानाकडं गेले. शालूनं मशीन पोत्यात गुंडाळलं. जाताना तिनं माझ्या अंगावरच्या वेलबुट्टीवर बोट फिरवलं, अर्धी झाल्यावर थांबली. सहदेव आता अकोल्यात दुसऱ्याचा ऑटो चालवतो. सूर्यभान सांगतो, पीत नाही, हातही उगारत नाही. पण दंडवतही करत नाही, नुसता बसून राहतो.

मी अजून इथंच आहे. लेप सुटला. एका बाजूनं फोका उघड्या पडल्या, त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. सूर्यभान माझ्या डोक्यावर फवाऱ्याचा पंप ठेवतो. मागच्या महिन्यात सहदेव आला होता, वावर सूर्यभानाला मक्त्यानं द्यायला. शालू आली नव्हती.

सूर्यभान म्हणाला, "हे कणगी काय करू? चुलीत घालू का? जागा अडवून राहिली."

सहदेव माझ्याकडं पाहत होता. "राहू द्या भाऊ."

"काहून? रिकामी तं हाय."

"सोंडे असतीन आत."

सूर्यभानानं पंप माझ्या डोक्यावरच राहू दिला. त्यानं मान हलवली अन् दोघं बाहेर गेले.

नाहीत रे सहदेवा, सोंडेही नाहीत. पीठ सरलं तसे तेही गेले, काही माझ्या तळाशीच वाळून पडले. तू ज्यांच्यासाठी इतकं केलं, त्यांनाही माझ्यात काही उरलं नाही. तुझ्या मनात खोट नव्हती, हे मी कोणापुढंही सांगीन. पण तुझी आई एक काठ सावलीत ठेवायची. तेवढं तू कोणाला विचारलं असतं, एखाद्या म्हातारीला, कोणत्याही गावच्या, तर आज माझं पोट भरलेलं असतं अन् शालू गाणं म्हणत असती.

असो. मला आता ठेवून घेऊ नका. सूर्यभानभाऊ, ऐकू येत असेल तर ऐका. निरगुडी वाळली की चांगली पेटते. घाला मला चुलीत. एखादी भाकर तरी होईल.